ओझोनचा गंध आणि शोनबाइन यांचा वारसा

विज्ञानातील बहुतेक शोध डोळ्यांनी लागले. ओझोनचा शोध नाकाने लागला. हा वायू ओळखणारे ख्रिश्चन फ्रीडरिश शोनबाइन यांचे नाव रसायनशास्त्राच्या इतिहासात सुपरिचित आहे. त्यांच्या शोधांना व्यवहारात लाभलेले आयुष्यही दीर्घ ठरले. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला निघालेल्या हौशी शिकाऱ्याच्या सामानात आज दोन वस्तू आढळू शकतात. एक, धूर न करणाऱ्या दारूचे काडतूस. दुसरी, माणसाच्या अंगाचा वास पुसून टाकण्याचे आश्वासन देणारे ओझोनयंत्र. या दोन्ही वस्तूंचा माग काढत गेल्यास आपण एकोणिसाव्या शतकातील बाझेलच्या एकाच प्राध्यापकापाशी पोहोचतो. पहिल्या वस्तूची उपयुक्तता केव्हाच सिद्ध झाली. दुसरीवर काही शे डॉलर खर्च करावेत की नाही, हा वाद मात्र शिकाऱ्यांत अद्याप रंगतो. त्याचे उत्तर शोधताना शोनबाइन यांचे चरित्र बरेच काही सांगून जाते.

शोनबाइन यांचा जन्म १८ ऑक्टोबर १७९९ रोजी जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांतात मेट्झिंगेन या गावी झाला. वडील कापड रंगविण्याचा व्यवसाय करीत. घरची परिस्थिती बेताचीच असल्यामुळे कोवळ्या वयातच त्यांना ब्योब्लिंगेन येथील औषधे व रसायने तयार करणाऱ्या कारखान्यात उमेदवारीसाठी धाडण्यात आले. तेथील काही वर्षांत काम करता करता त्यांनी रसायनशास्त्राचे, तसेच भाषांचे ज्ञान स्वतःच्या बळावर मिळविले. पुढे ट्युबिंगेन आणि एर्लांगेन या विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. एर्लांगेन येथे तत्त्वज्ञ शेलिंग यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. निसर्गातील सर्व शक्तींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, ही त्या काळच्या जर्मन विचारविश्वातील धारणा त्यांच्या मनावर कायमची ठसली. काही काळ त्यांनी बालवाडीचे जनक फ्रीडरिश फ्र्योबेल यांच्या कायलहाऊ येथील शाळेत अध्यापन केले. त्यानंतर इंग्लंड आणि पॅरिस येथे वास्तव्य करून १८२८ साली ते स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात आले. पेटर मेरिआन हे प्राध्यापक आजारी असल्याने त्यांच्या जागी ही तात्पुरती नेमणूक होती. तात्पुरते आलेले शोनबाइन तेथे आयुष्यभर राहिले. १८३५ साली ते पूर्णवेळ प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी त्यांचा विवाहही झाला.

बाझेलची प्रयोगशाळा साधी होती, साधने तुटपुंजी होती. शोनबाइन यांना त्याची फारशी खंतही नव्हती. तराजूने केलेल्या काटेकोर मोजमापापेक्षा रंग, गंध आणि पदार्थांचे वर्तन यांच्या निरीक्षणावर त्यांचा भर असे. अणुसिद्धान्ताविषयी तर त्यांच्या मनात शेवटपर्यंत अविश्वास राहिला. या वृत्तीने त्यांना मोठे यश दिले आणि पुढे त्यांची मोठी फसगतही केली. १८३६ साली लोखंडाच्या एका चमत्कारिक गुणाविषयी त्यांनी मायकेल फॅरडे यांना पत्र लिहिले. तीव्र नायट्रिक आम्लात बुडविलेले लोखंड जणू निष्क्रिय होते, हा तो गुण. त्या पत्रातून सुरू झालेला पत्रव्यवहार दीर्घकाळ टिकला. इंधनघटामागील तत्त्वाचे निरीक्षणही त्यांनी १८३८-३९ च्या सुमारास, विल्यम ग्रोव्ह यांच्याच काळात नोंदविले.

ओझोनची कथा १८३९ सालची. विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करीत असता धन अग्रापाशी एक विशिष्ट, तिखट वास येतो, असे शोनबाइन यांच्या ध्यानात आले. विद्युत्‌ यंत्रातून ठिणग्या उडताना येणाऱ्या वासाशी तो जुळत होता; वीज पडल्यानंतरही तसाच वास दरवळतो. हा गंध त्यापूर्वी कोणाला जाणवला नव्हता असे नाही. हॉलंडमध्ये व्हान मारुम यांनी १७८५ मध्येच त्याची नोंद केली होती. मात्र त्यांनी तो विजेचाच वास मानला. हा वास विजेचा नसून एका स्वतंत्र पदार्थाचा आहे, हे शोनबाइन यांनी ओळखले. १८४० साली त्यांनी या पदार्थाला वास येणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ओझोन हे नाव दिले. दमट हवेत फॉस्फरसचे सावकाश ज्वलन होतानाही हाच वायू निर्माण होतो, हे त्यांनी काही वर्षांतच दाखविले.

नाकावर विसंबून विज्ञान पुढे जात नाही, याची जाणीव त्यांना या टप्प्यावर होती. म्हणूनच त्यांनी ओझोनसाठी एक सोपी कसोटी शोधली. पोटॅशियम आयोडाइड आणि खळ यांच्या द्रावणात भिजविलेली कागदाची पट्टी हवेत धरली की ओझोन त्यातील आयोडीन मोकळे करतो आणि खळीशी संयोग पावून ते कागदाला निळा रंग देते. निळाई जितकी गडद, तितका ओझोन अधिक. युरोपातील अनेक वेधशाळांनी अशा पट्ट्या टांगून हवेतील ओझोनच्या नोंदी ठेवल्या. हवेतील ओलाव्यामुळे रंग बदलत असल्याने त्या नोंदी आज ढोबळच मानल्या जातात. तथापि, एखाद्या वायूविषयी बोलण्याआधी तो किती आहे हे पाहावे, हा पायंडा त्या कागदाने पाडला.

ओझोनचे दोन परस्परविरोधी गुणही शोनबाइन यांच्याच अभ्यासातून पुढे आले. कुजलेल्या मांसाचा दुर्गंध ओझोनच्या संपर्काने नाहीसा होतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. रोगराई दूषित हवेतून पसरते, असे मानणाऱ्या त्या काळात या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण केली. दुसरीकडे, ओझोन हुंगल्यावर छातीत दुखते, श्वास अडखळतो, घसा व नाक यांचा दाह होतो, हा अनुभव त्यांनी स्वतःच्या देहावर घेतला. त्याची तीव्र मात्रा उंदरासारख्या लहान जिवाला मारक ठरते, हेही त्यांनी पाहिले. १८५१ साली इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी या परिणामांविषयी लिहिले. दुर्गंध खाणारा वायू फुप्फुसांनाही सोडत नाही, हा इशारा देणाऱ्यांत ओझोनचा शोधकर्ताच आघाडीवर होता. लोकांनी मात्र पहिला गुण लक्षात ठेवला. पुढे समुद्रकिनारीची हवा ओझोनयुक्त म्हणून आरोग्यदायी असल्याच्या जाहिराती विश्रामस्थळे करू लागली. समुद्राच्या ज्या वासाला लोक ओझोनचा वास समजत, तो मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांपासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूचा असतो, हे फार नंतर कळले.

दरम्यान, १८४५ साली शोनबाइन यांच्या हातून आणखी एक शोध लागला. घरी प्रयोग करताना नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचे मिश्रण सांडले, ते त्यांनी पत्नीच्या सुती एप्रनने पुसले आणि वाळत घातलेला एप्रन क्षणार्धात भडकून नाहीसा झाला, अशी कथा सांगितली जाते. कथा कितपत खरी हा भाग वेगळा. परंतु धूर न करता जळणारा स्फोटक कापूस त्यांनी सिद्ध केला, हे निर्विवाद आहे. फ्रँकफुर्टचे ब्योट्गर हेही स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले होते. १८४६ साली इंग्लंडमध्ये या कापसाची प्रात्यक्षिके झाली. फॅव्हरशॅम येथे त्याचे उत्पादनही सुरू झाले. परंतु १४ जुलै १८४७ रोजी तेथील कारखान्यात भीषण स्फोट होऊन सुमारे वीस कामगार मृत्युमुखी पडले. इतर देशांतही असेच अपघात घडले. कापसात आम्लाचे अंश राहिले की तो आपोआप पेट घेतो, हे हळूहळू उमगले. १८६५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक एबल यांनी कापसाचा लगदा करून तो निर्धोकपणे धुण्याची रीत काढली आणि १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी त्यापासून बंदुकीत वापरता येईल अशी धूररहित दारू बनविली. शोध आणि विश्वासार्ह वापर यांच्यामध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आणि अनेकांचे प्राण गेले.

ओझोन म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर मात्र शोनबाइन मागे पडले. प्रथम त्यांना तो क्लोरीनसारखा नवा पदार्थ वाटला. नंतर त्यांनी आणखी काही तर्क लढविले. १८४५ च्या सुमारास जिनिव्हा येथे मारिन्याक आणि द ला रीव्ह यांनी शुद्ध, कोरड्या ऑक्सिजनमध्ये विजेच्या ठिणग्या पाडून ओझोन तयार केला. त्यामुळे ते ऑक्सिजनचेच एक रूप असल्याचे दिसले. शोनबाइन यांनी हे मान्य केले, परंतु ऑक्सिजनची ऋण आणि धन अशी दोन क्रियाशील रूपे असली पाहिजेत, या आग्रहातून त्यांनी ओझोनला अँटोझोन नावाचा जोडीदार कल्पिला. निसर्गातील द्वंद्वाची ही कल्पना तत्त्वज्ञानाला शोभून दिसली, तरी प्रयोगांत टिकली नाही. अँटोझोन अस्तित्वातच नव्हता. १८६५ ते १८६७ या काळात सोरे यांनी घनता मोजून ओझोनच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असल्याचे दाखविले. नाकाने सुरू केलेल्या कथेचा शेवट मोजमापाने केला. २९ ऑगस्ट १८६८ रोजी बाडेन-बाडेनजवळ शोनबाइन यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात ओझोन उपयोगी ठरला तो मोजून वापरल्यामुळे. १९०६ साली फ्रान्समधील नीस शहराने पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध करण्याची व्यवस्था उभारली. आपल्याकडील बाटलीबंद पाण्याच्या वेष्टनावर दिसणारा ओझोनचा उल्लेख त्याच परंपरेतला. आगीनंतर खोल्यांत मुरलेला धुराचा वास घालविण्यासाठीही ओझोन वापरतात, तोही खोली रिकामी ठेवून.

शिकाऱ्यांचे ओझोनयंत्र हा या परंपरेचा अगदी अलीकडचा फाटा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे नाक अत्यंत तीक्ष्ण असते. वाऱ्यावरून माणसाचा वास येताच ते निसटते. धनुर्धारी शिकाऱ्याला तर हरीण वीस-तीस मीटरवर यावे लागते. त्यामुळे झाडावरील मचाणावर टांगलेले, विजेच्या दाबाने हवेतील ऑक्सिजनपासून ओझोन बनवून तो पंख्याने वाऱ्याच्या दिशेने सोडणारे यंत्र त्याला मोहक वाटल्यास नवल नाही. उत्पादकांचा दावा असा की, हा ओझोन अंगाच्या वासाचे रेणू वाटेतच मोडून टाकतो.

रसायनशास्त्र हा दावा पूर्णपणे फेटाळत नाही, पण त्याला फारसा आधारही देत नाही. कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असलेल्या रेणूंवर ओझोन चटकन हल्ला करतो. त्वचेच्या तेलातील स्क्वालीन हा तसाच पदार्थ. परंतु त्याच्या विघटनातून अॅसिटोनसारखे नवे बाष्पशील पदार्थ तयार होतात आणि त्यांनाही स्वतःचा वास असतो. घामाला दर्प देणारी अनेक मेदाम्ले दुहेरी बंधाविना असल्याने ओझोनला फारशी दाद देत नाहीत. त्यात वेळेचा प्रश्न आहे. श्वासाला सुसह्य अशा मात्रेत हवेतल्या हवेत ही क्रिया पुरी व्हायला सामान्यतः काही मिनिटे ते काही तास लागतात. सेकंदाला तीन मीटर वेगाचा वारा मात्र माणसाचा वास तीस मीटरवर दहा सेकंदांत पोहोचवितो. मात्रा वाढवावी, तर शोनबाइन यांनी सोसलेला छातीचा त्रास शिकाऱ्याच्याच वाट्याला येतो. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा हवेच्या एक कोटी भागांत एक भाग इतकी अल्प आहे. शिवाय, त्याहून कितीतरी कमी मात्रेतही ओझोनचा स्वतःचा वास माणसालासुद्धा येतो.

अनुभवाचे दाखले दोन्ही बाजूंनी दिले जातात. पण हरीण पळाले नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वास त्याच्यापर्यंत पोहोचला होता की वारा दुसरीकडे वळला होता, हे मचाणावरून कळत नाही. गंध रोखण्याच्या दुसऱ्या एका साधनाची, कार्बनचे अस्तर असलेल्या कपड्यांची, शोधक कुत्र्यांकडून परीक्षा झाली होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कुत्र्यांनी लपलेली माणसे जवळजवळ प्रत्येक वेळी शोधून काढली. बंद पेटीत कपडे ठेवून त्यांना ओझोन देणे, ही गोष्ट वेगळी. तेथे मात्रा अधिक ठेवता येते, वेळ मिळतो आणि पेटीत कोणी श्वास घेत नाही. रबर व लवचीक पट्ट्या ओझोनने चिरतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते. तेव्हा पेटीपुरता या यंत्राचा उपयोग मानता येतो. उघड्या रानात मात्र वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडण्याला ते पर्याय ठरत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीला वाव ठेवलेला नाही, त्यामुळे हे यंत्र आपल्या दारी येण्याचे कारण नाही. मात्र घरातील हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली ओझोन सोडणारी उपकरणे शहरांत विकली जातात आणि त्यांचा युक्तिवाद मचाणावरच्या यंत्रासारखाच असतो. माणसांना बाधणार नाही इतक्या मात्रेत ओझोन घरातील प्रदूषके दूर करण्यास फारसा समर्थ नसतो, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्पष्ट केले आहे. भारतीय मानकांनीही बाहेरच्या हवेसाठी ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम अशी घातली असून तेथे तो प्रदूषकच गणला जातो.

शोनबाइन यांच्या कार्यातून दोन गोष्टी मागे उरल्या आहेत. एक, कोणाच्याही ध्यानात न आलेले ओळखणारे नाक. दुसरी, ओझोन किती आहे ते दाखविणारी निळी पट्टी. अँटोझोनच्या नादात त्यांनी स्वतः दुसरीचा हात सोडला आणि ते चुकले. ओझोनचे यंत्र विकत घेणाऱ्याने, मग तो अमेरिकेतील शिकारी असो वा मुंबई-पुण्यातील गृहस्थ, मात्रा किती आणि वेळ किती, हे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारले, तर त्याच चुकीतून तो वाचेल.