उपदेशाचे डोस नकोत म्हणणारा ल्यूथर एकदा लोकांवरच रुसून बसला होता

मार्टिन ल्यूथर म्हटलं की 1517 सालचे 95 मुद्दे आठवतात. पण हा माणूस हाडाचा प्रवचनकार होता. 'चांगलं वागा' असं सांगून माणूस खरंच बदलतो का, या प्रश्नाने त्याचा आयुष्यभर पिच्छा पुरवला.

जन्म 1483 चा, जर्मनीतल्या आइसलेबेनचा. वडिलांना पोराला वकील करायचं होतं. पण 1505 मध्ये वादळात अगदी जवळ वीज कोसळली आणि घाबरलेल्या ल्यूथरने मठात जाण्याचा नवस केला. पंधरा दिवसांत तो एरफुर्टच्या मठात दाखलही झाला.

तिथे त्याने काहीच कमी ठेवलं नाही. उपास, जागरणं, तासन्‌तास पापांची कबुली. तरी मनाला शांती नव्हती. देव म्हणजे चुकांचा हिशेब मांडून बसलेला न्यायाधीश, आणि आपण त्याच्यापुढे कधीच पास होणार नाही, ही धास्ती काही जाईना.

पुढे विटेनबर्गच्या विद्यापीठात तो बायबल शिकवू लागला. तिथे पौलाचं रोमकरांस पत्र अभ्यासताना त्याला उलगडा झाला. माणूस चांगलं वागतो म्हणून देव त्याला स्वीकारत नाही. देव आधी कृपेने स्वीकारतो आणि त्यातून माणूस चांगलं वागू लागतो.

इथून त्याचं प्रवचन बदललं. ख्रिस्त हा नुसता आदर्श म्हणून लोकांपुढे ठेवला, तर लोक आणखी दबून जातात. म्हणून ख्रिस्त आधी देणगी म्हणून सांगायचा, कित्ता गिरवायचं नंतर.

1522 मध्ये याचा कस लागला. ल्यूथर लपून राहत असताना विटेनबर्गमध्ये सुधारणांची सक्ती सुरू झाली, मूर्ती फोडल्या गेल्या. तो परतला आणि 9 मार्चपासून सलग 8 दिवस प्रवचनं दिली. सूर एकच : जबरदस्तीने श्रद्धा येत नाही, दुबळ्यांना सांभाळून घ्या. शहर शांत झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. देव माफ करतोच म्हटल्यावर बरेच जण निवांत झाले. लोक सुधरेनात म्हणून 1530 च्या सुरुवातीला ल्यूथरने चिडून विटेनबर्गमध्ये प्रवचन देणंच थांबवलं. काही महिन्यांनी तो पुन्हा उभा राहिला.

मग त्याने नीतिनियम सोडून दिले होते का? अजिबात नाही. 1529 च्या त्याच्या छोट्या प्रश्नोत्तर पुस्तिकेत पहिलं प्रकरणच दहा आज्ञांचं आहे. त्याच्या मते आज्ञा हा आरसा. चेहऱ्यावरचा डाग आरशात दिसतो, पण आरशाने तो पुसला जात नाही.

कृपा सांगणाऱ्या याच माणसाने 1543 मध्ये ज्यूंविरुद्ध अत्यंत विखारी पुस्तक लिहिलं, हा डागही त्याच्या नावावर आहे. 1546 मध्ये आइसलेबेनमध्येच त्याचा मृत्यू झाला.