छपरावरची पांढरी

येरमाळ्यातले आमचे घर माळवदाचे. पावसाळ्याच्या तोंडावर गावाबाहेरच्या जुन्या पांढरीवरून बैलगाडीने माती आणून ती छपरावर पसरायची, ही रीतच होती. मातीतून निघणाऱ्या खापऱ्या वेचून उकिरड्यावर टाकायचे काम आम्हा पोरांचे. साठी उलटल्यावर शिरूर तालुक्यात, घोडनदीकाठी इनामगावच्या पांढरीवर उभा राहिलो, तेव्हा आपण काय फेकत होतो ते उमगले.

हे उमगायला कारण डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. १९०८ साली मुंबईत एका गुजराती घरात ते जन्मले. लंडनहून पीएच.डी. घेऊन परतले आणि १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले. तेव्हा इतिहास म्हणजे राजे, ताम्रपट आणि लेणी. सातवाहनांपलीकडच्या महाराष्ट्राविषयी फारसे काही सांगता येत नसे. सांकलियांनी खापरी हाती घेतली. १९५०-५१ मध्ये त्यांनी संगमनेरजवळ जोर्व्याला उत्खनन केले. तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढणाऱ्या त्या लोकांच्या संस्कृतीला पुढे या लहानशा गावाचेच नाव मिळाले. नेवाशात तर पुरलेल्या एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली.

१९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी इनामगाव उलगडले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी. कुडाची घरे, चुली, धान्याची पेवे, शेतात जव. मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीत पुरत. या उत्खननाचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. १९८९ च्या जानेवारीत सांकलिया गेले.

बँकेत मी जन्मभर नोंदी तपासल्या. व्हाउचर हरवले की रक्कम कुठली, हे सांगता येत नाही. खापरीचेही तसेच. ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे टिपले, तरच तिच्यावरून माणूस कळतो. गाडीत भरली की ती नुसती माती.

आमचे माळवद केव्हाच उतरवले, वर स्लॅब आला. ती पांढरी कुणाच्या घराची होती, हे आता सांकलियांनाही सांगता आले नसते. गावाबाहेर जेवढी उरली आहे, तेवढी तरी जेसीबीपासून वाचवायला हवी.