डोंगर विकत घेणारी पक्षीमैत्रीण

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 'हॉक माउंटन'वरून दर शरद ऋतूत हजारो शिकारी पक्षी दक्षिणेकडे स्थलांतर करतात. पूर्वी बंदूकवाले तिथे त्यांना निव्वळ मौजेखातर टिपत. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या न्यूयॉर्कच्या रोझली एज (जन्म १८७७) यांनी १९३४ मध्ये तो डोंगरच आधी भाडेपट्ट्याने, नंतर विकत घेतला. मॉरिस ब्राऊन यांना राखणदार नेमले. शिकार थांबली, पक्ष्यांची मोजदाद सुरू झाली.

पुढे याच नोंदींत गरुडांची कमी वयाची पिढी घटताना दिसली. म्हणजे वीणच मंदावली होती. डीडीटीचा धोका दाखवताना रेचेल कार्सन यांनी 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये हे आकडे वापरले. पुस्तक १९६२ मध्ये आले. त्याच वर्षी एज यांचे निधन झाले. मोजदाद आजही सुरू आहे.