समर्थांचे उतारवय: वैराग्य आणि नैराश्य

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. शके १५३० च्या रामनवमीला, म्हणजे १६०८ साली, तिथल्या सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या घरी धाकटा मुलगा जन्मला. त्याचे नाव नारायण. हाच नारायण पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला आणि गावाचे नावही जांब समर्थ झाले. समर्थ म्हटले की मारुतीची देवळे, तालमी, सूर्यनमस्कार आणि मनाचे श्लोक आठवतात. हे सारे आपण बहुधा मुलांना सांगतो. पण समर्थांच्या आईची कथा आणि खुद्द त्यांची शेवटची पाच वर्षे साठीपुढच्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मुद्दाम पाहावीत अशी आहेत. म्हातारपणी शरीर आणि मन एकमेकांना कसे सावरतात आणि कसे ओढून खाली नेतात, हे त्यात दिसते.

नारायण सात वर्षांचा असताना वडील गेले. थोरला भाऊ गंगाधर, ज्यांना पुढे श्रेष्ठ म्हणू लागले, घर सांभाळू लागला. बाराव्या वर्षी जांबजवळच्या आसनगावी नारायणाचे लग्न ठरले. मंगलाष्टके चालू असताना सावधान हा शब्द ऐकून तो मांडवातून निघून गेला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तेथून तो नाशिकजवळ टाकळीला पोहोचला. नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर सकाळपासून दुपारपर्यंत पाण्यात उभे राहून जप, मग भिक्षा, मग वाचन आणि लेखन असा दिनक्रम बारा वर्षे चालला. रोज बाराशे सूर्यनमस्कार ते घालत, असे परंपरा सांगते. आकडा बाजूला ठेवला तरी शरीर कमावण्याची ही सवय तरुणपणीच लागली, हे महत्त्वाचे. पुढची बारा वर्षे त्यांनी पायी भारतभर तीर्थयात्रा केली.

इकडे जांबला राणूबाई वाट पाहत होत्या. नवरा गेलेला, धाकटा मुलगा लग्नाच्या मांडवातून गेला तो परत आलाच नाही. २४ वर्षांनी समर्थ घरी आले तेव्हा आईची दृष्टी गेली होती. तिने मुलाला आवाजावरून ओळखले. रडून रडून डोळे गेले, असे लोक सांगतात. समर्थांच्या स्पर्शाने ते परत आले, असेही परंपरा सांगते.

रडण्याने दृष्टी जात नाही, हे वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगते. आज भारतात पन्नाशीपुढे आलेल्या अंधत्वाच्या दर तीन रुग्णांपैकी दोघांत कारण असते मोतीबिंदू. तरीही लोकांनी दुःख आणि दृष्टी यांची सांगड घातली ती अगदीच निराधार नाही. जिचे मन विझले आहे अशी बाई डोळे दाखवायला जात नाही. आता कोणासाठी बघायचे, असे तिला वाटते. दुसऱ्या बाजूने, दिसेनासे झाले की माणूस ओट्यावर बसणे सोडतो, देवळात जात नाही, पडण्याच्या भीतीने खाटेवरच राहतो. मन आणखी खचते आणि स्मरणशक्तीलाही धक्का बसतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली. त्यात उपचार न केलेली दृष्टिहीनता आहे, बहिरेपण आहे, नैराश्य आहे, एकटेपणा आहे, हालचालींचा अभावही आहे. म्हणजे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केवळ डोळ्यांची नसते. जालना शहरातच गणपती नेत्रालयासारखे मोठे नेत्र रुग्णालय आहे. अडतो तो आजी-आजोबांना तिथे नेण्याचा निर्णय.

आईच्या भेटीनंतर, १६४४ च्या सुमारास, समर्थ कृष्णाकाठी आले. मसूरला रामनवमीचा उत्सव, १६४८ मध्ये चाफळचे राममंदिर आणि आजच्या सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत ११ मारुती अशी कामे दहा-बारा वर्षांत उभी राहिली. तेव्हा त्यांचे वय ३६ ते ४७ होते. याच काळात शिवथरच्या घळीत दासबोधाचे लेखन झाले. १६५५ मध्ये आईचे निधन झाले.

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात माणसाच्या जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा प्रवास आहे. म्हाताऱ्याचे थकलेले शरीर आणि त्याला कंटाळलेले घर यांचे वर्णन इतके रोखठोक आहे की आजही वाचताना अस्वस्थ व्हायला होते. त्याच दशकात देहाला होणाऱ्या त्रासांची लांबलचक यादी येते. तिच्यात शरीराच्या व्याधी आहेत आणि त्याच ओळीत चिंता आहे, दुःखाने पोळलेले चित्त आहे, काही रोग नसताना होणारी तळमळही आहे. शरीराची दुखणी एका वहीत आणि मनाची दुसऱ्या वहीत, असा भेद समर्थांनी केला नाही.

आपण मात्र तो करतो. गुडघा दुखतो तर हाडांच्या डॉक्टरकडे, साखर वाढली तर गोळी, आणि मन दुखले तर काहीच नाही. ज्येष्ठांमधील नैराश्य फार वेळा रडण्याच्या रूपात दिसतच नाही. अंग दुखणे, अशक्तपणा, पोट साफ न होणे, पहाटे तीनला जाग येणे, जेवणावरची वासना उडणे अशा वाटांनी ते येते. तपासण्या होतात, सलाईन लावले जाते, शक्तीची इंजेक्शने दिली जातात आणि मूळ दुखणे तसेच राहते. देशातील ज्येष्ठांच्या लासी या राष्ट्रीय सर्वेक्षणात (२०१७-१८) प्रश्नावलीच्या आधारे साठीपुढील सुमारे ८ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची शक्यता आढळली. नैराश्याचे निदान झाले आहे असे सांगणारे मात्र १ टक्क्याहूनही कमी होते.

१६७६ मध्ये समर्थ सज्जनगडावर राहायला आले. वय ६८. त्यानंतर एकामागून एक ताटातुटी झाल्या. १६७७ मध्ये जांबला थोरले बंधू श्रेष्ठ वारले. वडिलांच्या पश्चात घर सांभाळणारा हाच भाऊ. १६७८ मध्ये शिष्या वेणाबाईंनी सज्जनगडावर देह ठेवला. याच सुमारास दासबोध लिहून घेणारे कल्याणस्वामी परांड्याजवळ डोमगावच्या मठात गेले. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचे निधन झाले. तीन-चार वर्षांत भाऊ, शिष्या, लेखनिक आणि ज्यांच्या राज्याकडे आशेने पाहिले ते महाराज, सगळे दूर झाले. यानंतर समर्थ खोलीबाहेर फारसे येत नसत, त्यांनी अन्न कमी केले, असे चरित्रकार नोंदवतात.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करता येत नाही आणि करूही नये. पण त्यांनी या दिवसांत आणखी काय केले, तेही पाहिले पाहिजे. त्यांनी संभाजी महाराजांना राज्यकारभाराविषयी विचारपूर्वक पत्र लिहिले. गडावरच्या मंदिरासाठी तंजावरला राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या मूर्ती घडत होत्या. त्या घडवणारा कारागीर अंध होता, असे सांगतात. मूर्ती गडावर आल्या, समर्थांनी त्यांचे पूजन केले आणि त्यानंतर काही दिवसांतच, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे १६८२ च्या आरंभी, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. बाहेरचे जग त्यांनी आवरते घेतले, पण शेवटपर्यंत त्यांना कशाची तरी वाट पाहायची होती, कोणाला तरी काही सांगायचे होते. वैराग्यात माणूस पसारा कमी करतो. जे उरते त्यात त्याचे मन असते.

आपल्या घरांत नेमकी इथेच गल्लत होते. आजोबा गप्प झाले, जेवण अर्ध्यावर आले, चावडीवर जाणे बंद झाले, की घरचे म्हणतात, आता त्यांचे मन संसारातून निघाले. कोणी म्हणते, वय झाले, चालायचेच. त्यात आदर असतो, प्रेमही असते. पण ज्याला आपण वैराग्य समजतो ते बरे होणारे नैराश्य असू शकते. फरक ओळखण्याच्या खुणा आहेत. विरक्त माणूस नातवाशी बोलतो, पोथी वाचतो, पावसाची चौकशी करतो. नैराश्यातल्या माणसाला नातू आणि पोथी दोन्ही नकोसे होतात. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणे, मी सगळ्यांना ओझे झालो असे वारंवार म्हणणे, झोप आणि भूक बदलणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी दाखवावे आणि तोपर्यंत त्यांना एकटे ठेवू नये. शेतातली कीटकनाशके कुलुपात ठेवावीत.

जोडीदार किंवा भावंड गेल्यानंतरचे पहिले सहा महिने विशेष जपण्याचे. या काळात मागे राहिलेल्या माणसाच्या मृत्यूचा धोकाही वाढतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. रक्तदाबाची गोळी राहून जाते, साखरेकडे लक्ष राहत नाही, एकट्यासाठी चूल पेटवावीशी वाटत नाही. मुले पुण्या-मुंबईला किंवा ऊसतोडीला गेलेली असतील तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दुःख होणारच, त्याला औषध नको. पण गोळ्या, जेवण आणि झोप यांची चौकशी रोज कोणीतरी केली पाहिजे.

उलट दिशेने शरीरही मनाला खाली ओढते. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट असते. थायरॉइड मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय आणि काही औषधे यांमुळेही मन उदास होते. म्हणून आधी रक्ताच्या साध्या तपासण्या कराव्यात आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. साठीनंतर स्नायू वेगाने झिजतात. दहा दिवस अंथरुणावर राहिलेल्या निरोगी ज्येष्ठांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू कमी झाल्याचे एका अभ्यासात आढळले. पाय गेले की बाहेर जाणे जाते, आणि बाहेर जाणे गेले की माणसे जातात.

समर्थांच्या बलोपासनेचा अर्थ उतारवयात इथे लागतो. सत्तरीत बाराशे नमस्कार कोणी घालायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६५ वर्षांपुढे आठवड्याला किमान १५० मिनिटे बेताच्या वेगाने चालावे, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत आणि तीन दिवस तोल सावरण्याचा सराव करावा. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला धरून टाचा उचलणे एवढ्यानेही सुरुवात होते. नमस्कार घालायची सवय असेल तर सावकाश, झेपतील तेवढेच घालावेत. हृदयविकार किंवा गुडघ्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारून. नियमित व्यायामाने सौम्य व मध्यम नैराश्य कमी होते, हे चाचण्यांतून दिसले आहे. सोबत चालणारे कोणी असेल तर गप्पाही होतात.

तीव्र नैराश्यात मात्र केवळ चालण्याने किंवा नामस्मरणाने भागत नाही. त्यासाठी औषधे आहेत, समुपदेशन आहे आणि सत्तरीतही त्यांचा गुण येतो. या गोळ्यांची सवय लागते हा समज चुकीचा आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करावी. तेथून जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवता येते. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

राणूबाईंना मुलगा परत भेटल्यानंतर त्या आणखी अकरा वर्षे जगल्या. घरात एखादी राणूबाई खाटेवर गप्प पडून असेल, तर तिचे वय झाले असे ठरवण्याआधी तिचे डोळे, कान, रक्त आणि मन चारही तपासून घ्यावे.