तीन खुर्च्यांचे मंत्रिमंडळ

नवे मंत्रिमंडळ आले की आम्हा सरकारी नोकरांना आधी एकच चौकशी असते: आपले खाते कुणाकडे गेले? आज गोव्यात मुख्यमंत्र्यांसह बारा मंत्री असतात. पहिले मंत्रिमंडळ मात्र तिघांचेच होते.

त्याचे प्रमुख दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर. जन्म 12 मार्च 1911, पेडणे. खाण व्यवसायात त्यांनी नाव कमावले आणि मुक्तीनंतर बहुजन समाजाच्या बळावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा केला. डिसेंबर 1963 च्या निवडणुकीत तीसपैकी 14 जागा मगोला आणि 2 युतीतल्या प्रजा समाजवादी पक्षाला मिळाल्या. बहुमत अगदी काठावरचे. भाऊसाहेब स्वतः निवडणुकीला उभे नव्हते, तरी नेतृत्व त्यांच्याकडेच आले. 20 डिसेंबरला त्यांनी शपथ घेतली. सोबत विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस. एवढ्याशा मंत्रिमंडळातही हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही समाजांना स्थान होते. या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या, 1964 मध्ये कूळ कायदा आणला.

पक्षाचे मुख्य ध्येय होते गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. त्यासाठी जनमत कौल ठरला. मगो सत्तेवर असताना मतदान निःपक्ष होणार नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. भाऊसाहेबांनी डिसेंबर 1966 मध्ये मंत्रिमंडळासह राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. 16 जानेवारी 1967 ला लोकांनी मते दिली. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा गोवा. दोन पाने 34,021 मतांनी जिंकली.

आमच्यासारख्या अनेक मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांना तो निकाल जिव्हारी लागला. भाऊसाहेबांनी तो मान्य केला आणि लगेच आलेल्या विधानसभा निवडणुकीला ते सामोरे गेले. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्याने एप्रिल 1967 मध्ये त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. 1972 मध्ये तिसऱ्यांदा. 12 ऑगस्ट 1973 रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले; पुढे कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या.

विलीनीकरणावर आमच्या घरांत अजूनही दोन मते निघतात. पण हातातली सत्ता सोडून भाऊसाहेबांनी लोकांना विचारले आणि उत्तर मनाविरुद्ध आले तरी ते मानले, याबद्दल आमच्यात कधी वाद झालेला नाही.