मार्लवाईचा मुक्काम

नागपूरहून हैदराबादकडे एकट्याने सायकल हाणणारे लोक आता नवे राहिलेले नाहीत. कॅरिअरवर तंबू, दोन पाण्याच्या बाटल्या, पांढरकवडा मागे पडलं की पैनगंगेचा पूल आणि पलीकडे आदिलाबाद जिल्हा. बहुतेक जण हायवे सोडत नाहीत. रात्री कुठेतरी तंबू टाकायचा, पहाटे गुंडाळायचा आणि निर्मलच्या दिशेने निघायचं. पण गुडीहत्नूरला डावीकडे वळलं तर इंद्रवेल्ली, उटनूर लागतं आणि आणखी आत, जैनूरजवळच्या डोंगरात, मार्लवाई नावाचं गोंडांचं गाव. तिथे ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी एक तंबूवाला प्रवासी आला होता. सायकल नव्हती त्याच्याकडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघालाही नाही.

क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ हे त्यांचं नाव. जन्म व्हिएन्नाचा, २२ जून १९०९, खानदानी ऑस्ट्रियन घर. मानववंशशास्त्र शिकले, लंडनला मालिनोव्स्कींच्या वर्गात बसले आणि १९३६ मध्ये नागा टेकड्यांत कोन्याक लोकांमध्ये राहून आले. १९३८ मध्ये त्यांनी एलिझाबेथ बर्नार्डो या इंग्रज मुलीशी लग्न केलं. सगळे तिला बेट्टी म्हणत. पुढच्या वर्षी दोघं हैदराबाद संस्थानात आली. बेत साधा होता: आदिवासींमध्ये राहायचं, लिहायचं, परत जायचं.

पण सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. ऑस्ट्रिया हिटलरने आधीच गिळला होता, त्यामुळे हायमेन्डॉर्फ यांच्या खिशातला पासपोर्ट जर्मन होता. ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. इतर जर्मनांसारखं तारेच्या कुंपणामागे बसावं लागलं नाही, एवढं नशीब. त्यांना निजामाच्या राज्यातच राहण्याची मुभा मिळाली. म्हणजे कैद होतीच, फक्त कैदखाना एका आख्ख्या संस्थानाएवढा होता! मग त्यांनी तो पालथा घातला. आधी नल्लमलाच्या जंगलात कंदमुळं आणि मध गोळा करून जगणारे चेंचू, मग गोदावरीकाठच्या डोंगरांतले रेड्डी, आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड.

आदिलाबादला त्यांना नुसत्या अभ्यासासाठी पाठवलेलं नव्हतं. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले होते. राखीव जंगलाच्या रेषा गावांवरून ओढल्या गेल्या, कसलेली शेतं एका रात्रीत बेकायदेशीर झाली, गुरं चारायलाही चिरीमिरी द्यावी लागायची. त्याविरुद्ध भीम उभे राहिले होते. बंड मोडल्यावर सरकारला प्रश्न पडला की हे लोक चिडले तरी का. (हा प्रश्न गोळ्या घालण्याआधी पडला असता तर!) उत्तर शोधायला सरकारने या परक्या माणसाला नेमलं.

हायमेन्डॉर्फ पतिपत्नीने मार्लवाईत कुडाच्या भिंतींचं, गवताने शाकारलेलं घर बांधलं आणि तिथून गावोगाव दौरे केले. रस्ते जवळपास नव्हतेच आणि पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं चाक रुतलं की विषय संपला. दौऱ्यावर एखाद्या गावाबाहेर मुक्काम पडायचा. दिवसभर घरटी चौकशी: कुळ कोणतं, चार भावांच्या सगेतलं की पाच, सहा किंवा सात भावांच्या, सोयरीक कुठे, शेत कोणतं, ते किती वर्षं कसतात, आणि ते कागदावर कोणाच्या नावाने आहे. संध्याकाळी परधान किंगरी घेऊन बसला की गोंडांच्या देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा तासन् तास चालत. दिवाळीच्या सुमाराला दंडारी असली तर मोरपिसांचे भले मोठे टोप घातलेले गुसाडी नाचत. हायमेन्डॉर्फ लिहून घेत, फोटो काढत. बेट्टीही या कामात बरोबरीने होत्या. त्यांचं नाव नेहमी नवऱ्याच्या मागे येतं, हे मला खटकतं.

दिवसा विचारलेल्या त्या शेवटच्या प्रश्नात सगळं दडलेलं होतं. शेत गोंड कसायचा आणि पट्टा व्यापाऱ्याच्या, सावकाराच्या नाहीतर अंमलदाराच्या ओळखीतल्या कोणाच्या नावावर निघायचा. गोंडाला वाचता येत नव्हतं आणि आपली जमीन कागदावर चढवावी लागते हे त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. हायमेन्डॉर्फ यांनी सरकारला कळवलं ते साधारण हेच: या लोकांना आधी पट्टा द्या आणि तो वाचता येईल एवढी अक्षरं द्या.

अक्षरांच्या या कामात आपली मराठी येते. त्या भागात गोंडांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार बराचसा मराठीत चाले. म्हणून मराठी थोडंफार लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण हेरून १९४३ मध्ये मार्लवाईत शिक्षक तयार करण्याचं केंद्र काढलं गेलं आणि गोंडीची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत झाली. या कामात एक मराठी अधिकारी होते, सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांनी गोंडी शिकून तिचं व्याकरण लिहिलं हे कितीजणांना माहीत असतं?

जमिनीचं कामही झालं. चाळीसच्या दशकात सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन अकरा हजारांवर आदिवासींच्या नावावर चढली. निजामाला शांतता हवी होती म्हणून त्याने हे केलं, असं म्हणता येईल, आणि ते खोटंही नाही. भीमांचं रक्त सांडलं नसतं तर हायमेन्डॉर्फ यांचा अहवाल कोणी उघडलाही नसता. पण ज्याच्या हातात पट्टा आला त्याला हेतूंची ही वजाबाकी करायचं कारण नव्हतं.

१९४९ नंतर ते लंडनला प्राध्यापक झाले, नेपाळात शेर्पांवर मोठं काम केलं, नाव कमावलं. निवृत्तीनंतर, १९७६ पासून, पतिपत्नी पुन्हा आदिलाबादला येऊ लागली आणि जे दिसलं ते वाईट होतं. रस्ते झाले होते, आणि रस्त्यांबरोबर जमीन शोधणारे लोक आले होते. किनारी आंध्रातून आले, तसे पैनगंगेच्या अलीकडून, आपल्या बाजूनेही आले. लंबाडा समाजाला तेलंगणात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रात नाही, म्हणूनही अनेक कुटुंबं सीमा ओलांडून गेली. तीही गरीबच होती, हे विसरून चालणार नाही. पण गोंडांच्या हातून शेतं निसटली. स्वतःच्या हयातीतलं काम विरघळताना बघून हायमेन्डॉर्फ गप्प बसले नाहीत. १९८२ च्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं नावानिशी आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २० एप्रिल १९८१ ला, इंद्रवेल्लीत जमिनीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. जोडेघाटला चाळीस वर्षं उलटली होती, सरकार बदललं होतं, मागणी तीच होती.

बेट्टी ११ जानेवारी १९८७ ला हैदराबादला गेल्या आणि त्यांना मार्लवाईत पुरलं. हायमेन्डॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले. पुढे त्यांची रक्षा मुलाने मार्लवाईला आणली आणि ती बेट्टींशेजारी ठेवली गेली. दर ११ जानेवारीला गाव तिथे जमतं. पुष्य महिन्यातल्या अवसेला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे लोक गोदावरीचं पाणी अनवाणी चालत आणतात आणि देवाला घालतात. जत्रेत जो दरबार बसतो, तो हायमेन्डॉर्फ यांनी सुरू केला असं तिथले लोक मानतात. अधिकारी समोर बसतात, गोंड अर्ज घेऊन उभे राहतात आणि बरेचसे अर्ज अजून जमिनीचेच असतात.