हृदयाची भूक ओळखणारा हकीम : इब्न अन-नफीस

आपल्या छातीतलं हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडतं. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या अवयवाच्या आत रक्त कायम भरलेलं असतं. तरीसुद्धा रोज कितीतरी माणसांचं हृदय रक्त न मिळाल्यामुळे मरणाच्या दारात जातं. रक्ताने भरलेलं हृदय रक्तावाचून उपाशी कसं राहतं? या प्रश्नाच्या उत्तराची किल्ली सुमारे पावणे आठशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम हकीमाने लिहून ठेवली होती. त्यांचं नाव अलाउद्दीन अबुल हसन अली अल-कर्शी. जग त्यांना इब्न अन-नफीस म्हणून ओळखतं.

दमास्कसचे विद्यार्थी

त्यांचा जन्म शाम देशात, दमास्कस परिसरात, इ.स. १२१० ते १२१३ च्या दरम्यान झाला. त्या काळी दमास्कस म्हणजे इल्मचं मोठं केंद्र होतं. सुलतान नूरुद्दीन झंगी यांनी बाराव्या शतकात तिथे एक बीमारिस्तान म्हणजे रुग्णालय उभारलं होतं. तिथे रुग्णांवर उपचार होत आणि त्याच ठिकाणी हकीम घडत. सकाळी उस्तादांच्या मागे रुग्णांच्या खाटांजवळून फिरायचं आणि नंतर बसून किताबांवर चर्चा करायची, अशी तिथली शिकवण्याची पद्धत होती.

तिथले नावाजलेले उस्ताद होते मुहज्जबुद्दीन अद-दख्वार. त्यांचं १२३० मध्ये निधन झालं. आपलं राहतं घर त्यांनी वैद्यकाच्या मदरशासाठी वक्फ करून टाकलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

इब्न अन-नफीस तिबबरोबरच शाफई फिकह, हदीस, अरबी व्याकरण आणि तर्कशास्त्रही शिकले. दीनी इल्म वेगळा आणि दुनियावी इल्म वेगळा, अशी भिंत त्यांच्या मनात नव्हती. पुढे ते कैरोला गेले आणि उरलेलं आयुष्य तिथेच राहिले. तिथे रुग्णालयात ते उपचार करत आणि मसरूरिया मदरशात फिकह शिकवत. नंतर ते मिसरचे प्रमुख हकीम झाले. सुलतान बैबर्स यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्येही त्यांचं नाव घेतलं जातं.

काळ मोठा कठीण होता. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं, तिथले किताबखाने गेले. १२६० मध्ये ते दमास्कसमध्ये घुसले आणि त्याच वर्षी ऐन जालूतच्या लढाईत मिसरच्या फौजेने त्यांना रोखलं. जे शहर वाचलं त्या कैरोमध्ये बसून हा माणूस लिहीत होता.

उस्तादांचा आदर आणि सत्याचा आग्रह

वैद्यकात तेव्हा दोन नावांचा शब्द शेवटचा मानला जाई. एक ग्रीक हकीम जालीनूस (गॅलेन) आणि दुसरे शेख इब्न सीना. इब्न सीना यांचा 'अल-कानून' हा ग्रंथ तर हकीमांचा मुख्य आधार होता. त्यातल्या शरीररचनेच्या भागावर इब्न अन-नफीस यांनी १२४२ च्या सुमारास, तिशीत असताना, एक शरह म्हणजे भाष्य लिहिलं. शरह लिहायची म्हणजे मूळ लेखकाचं म्हणणं सोपं करून सांगायचं, असा रिवाज. यांनी मात्र जिथे पटलं तिथे मान्य केलं आणि जिथे पटलं नाही तिथे अदब राखून साफ नकार दिला.

जालीनूस यांच्या मते हृदयाच्या उजव्या आणि डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यातून रक्त पलीकडे जातं. हजार वर्षं सगळे हेच मानत आले होते. इब्न अन-नफीस यांनी सांगितलं की तो पडदा जाड आणि भरीव आहे, त्यात दिसणारी किंवा न दिसणारी कसलीच वाट नाही. मग रक्त पलीकडे पोहोचतं कसं? ते उजव्या कप्प्यातून फुफ्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डाव्या कप्प्यात येतं. फुफ्फुसातल्या दोन प्रकारच्या रक्तवाहिन्यांमध्ये बारीक वाटा असल्या पाहिजेत, हेही त्यांनी अकलेने ताडलं. तशा सूक्ष्म वाहिन्या डोळ्यांनी दिसायला १६६१ साल उजाडावं लागलं. इटलीच्या मालपिघी यांनी त्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

त्यांची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते, पण आपल्या घरांशी तिचा जास्त संबंध आहे. 'कानून'मध्ये म्हटलं होतं की उजव्या कप्प्यातलं रक्त हृदयाचं पोषण करतं. इब्न अन-नफीस यांनी हे साफ नाकारलं. हृदयाच्या मांसात ज्या रक्तवाहिन्या पसरलेल्या आहेत, त्यांतल्या रक्तावर हृदय जगतं, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे हृदय आपल्या पोटातल्या रक्तातून घोटभरही पीत नाही. त्याचा घास त्याला बाहेरून, आपल्याच नळ्यांमधून येतो. भरलेल्या धरणाच्या भिंतीवर उगवलेल्या झाडाचं पाणी तोडावं आणि ते सुकून जावं, तसं हे आहे.

शरीअतची मर्यादा आणि स्वभावातली दया यामुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो, असं त्यांनी स्वतः नमूद केलं आहे. मग इतकं अचूक कसं सांगितलं, यावर इतिहासकारांचे आजही वाद आहेत. पण ऐकीव गोष्टीला त्यांनी पुरावा मानलं नाही, एवढं नक्की.

लेखणीत जगलेला माणूस

चरित्रकार त्यांच्याबद्दल सांगतात की ते लिहायला बसले की कलमं आधीच छाटून ठेवलेली असत. भिंतीकडे तोंड करून, किताबात न बघता, ते आठवणीतून लिहीत जात. एक कलम बोथट झालं की ते टाकून दुसरं घेत. एकदा हमाममध्ये अंघोळ अर्धवट टाकून ते बाहेरच्या खोलीत आले, कागद-दौत मागवली, नाडीवरचा एक मजकूर लिहून पूर्ण केला आणि मग परत जाऊन अंघोळ केली.

'अश-शामिल' हा त्यांचा वैद्यकाचा कोश तीनशे खंडांचा होणार होता. हयातीत ऐंशी खंड पूर्ण झाले. 'मूजझुल कानून' हा त्यांचा छोटा ग्रंथ मात्र फार लोकप्रिय झाला. आपल्या हिंदुस्थानातही युनानी हकीमांच्या कितीतरी पिढ्या तो शिकल्या. पण नशिबाचा खेळ बघा, या छोट्या ग्रंथात शरीररचनेचा भागच नव्हता. त्यामुळे त्यांचं नाव घराघरातल्या हकीमांना माहीत होतं, पण त्यांचा सगळ्यात मोठा शोध माहीत नव्हता. एवढंच नाही, दमास्कसमध्ये त्यांच्याच काळात शिकलेले इब्न अबी उसैबिआ यांनी हकीमांचा मोठा इतिहास लिहिला, पण त्याच्या प्रचलित प्रतींमध्ये यांचं नाव सापडत नाही.

युरोपात १५५३ मध्ये सर्व्हेटस यांनी आणि १५५९ मध्ये कोलंबो यांनी फुफ्फुसातून होणाऱ्या रक्तप्रवाहाबद्दल लिहिलं. १६२८ मध्ये विल्यम हार्वे यांनी पूर्ण रक्ताभिसरण प्रयोगांनी सिद्ध केलं. त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण त्याआधी तीनशे वर्षं हे कोणी लिहिलं होतं, ते जगाला १९२४ मध्ये कळलं. जर्मनीत शिकणाऱ्या मुहिउद्दीन अत-ततावी या मिसरी तरुण डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित सापडलं आणि त्याने त्यावर आपला प्रबंध लिहिला.

उपाशी हृदय आणि आजचं संशोधन

हृदयाचं पोषण त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून होतं, ही गोष्ट आजच्या हृदयविज्ञानाचा पाया आहे. त्यातली एखादी वाहिनी गुठळीने बंद झाली की तिच्या वाट्याचं मांस उपाशी पडतं. यालाच आपण हार्ट ॲटॅक म्हणतो. साधारण वीस-तीस मिनिटांनंतर त्या भागातल्या पेशी मरायला लागतात आणि पुढचे काही तास हे मरण पसरत जातं. मेलेलं मांस पुन्हा जिवंत होत नाही, तिथे व्रण राहतो आणि हृदय कायमचं कमजोर होतं.

म्हणून बंद वाहिनी लवकर उघडणं हाच मुख्य इलाज आहे. पण इथे एक विचित्र गोष्ट समोर आली. अमेरिकी संशोधक रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात पाहिलं की रक्त परत आल्यावरही काही इजा होते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवण दिलं तर ते त्याला बाधतं, तसंच काहीसं. अचानक आलेल्या प्राणवायूतून घातक कण तयार होतात, पेशीत कॅल्शियम भरतं आणि पेशीला शक्ती देणारी यंत्रणा कोलमडते.

मग १९८६ मध्ये जेनिंग्ज, मरी आणि रायमर यांनी एक नवल दाखवलं. कुत्र्यांमध्ये आधी चार वेळा पाच-पाच मिनिटं रक्त थांबवून सोडलं आणि मग चाळीस मिनिटं थांबवलं, तर मरणारं मांस एक चतुर्थांशावर आलं. थोडी उपासमार सोसलेलं हृदय मोठ्या उपासमारीला तयार होतं! पण माणसावर हे आणणं सोपं नाही. हार्ट ॲटॅकच्या रुग्णांच्या दंडावर पट्टा फुगवून-सोडून हृदयाचं रक्षण होतं का, हे पाच हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं गेलं. २०१९ मध्ये उत्तर आलं की वर्षभरानंतर मृत्यू किंवा हृदय निकामी होणं त्याने कमी झालं नाही. शोध चालूच आहे. बायपास ऑपरेशनमध्ये मात्र पोटॅशियमयुक्त द्रावण देऊन हृदय काही वेळ थांबवतात, म्हणजे त्याची भूकच कमी करतात. ही युक्ती रोज जीव वाचवते.

थोडक्यात, हार्ट ॲटॅकमध्ये आज आपल्या हातात सगळ्यात खात्रीचं औषध आहे वेळ. छातीवर दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, घाम, धाप लागणं, ही लक्षणं दिसली की ॲसिडिटी असेल म्हणून सोडा पिऊन झोपू नका. शुगर असलेल्या माणसांमध्ये आणि बायकांमध्ये दुखणं कमी आणि नुसती मळमळ किंवा गळून जाणं जास्त असू शकतं. अम्मी सगळ्यांचं जेवण झाल्यावर सांगेन म्हणून थांबतात, अब्बा सकाळी बघू म्हणतात. तोवर हृदयाचं मांस मरत असतं. दुआ जरूर करा, पण १०८ ला फोन करून, दवाखान्याच्या वाटेवर करा. बांधलेल्या उंटासारखंच हे तवक्कुल आहे.

शेवटची वसीयत

इब्न अन-नफीस यांनी लग्न केलं नव्हतं, असं सांगतात. कैरोत त्यांनी सुंदर घर बांधलं होतं, मोठा किताबखाना जमवला होता. शेवटच्या आजारात काही हकीमांनी त्यांना औषध म्हणून थोडी शराब सुचवली. पोटात शराब घेऊन रबसमोर जायचं नाही, म्हणून त्यांनी ती नाकारली, असं चरित्रकार लिहितात. १७ डिसेंबर १२८८ रोजी त्यांचं निधन झालं.

जाताना त्यांनी आपलं घर आणि सगळ्या किताबा मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकल्या. सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये बांधलेल्या या रुग्णालयात गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, सगळ्यांवर मोफत उपचार होत. दमास्कसच्या उस्तादांनी जे केलं होतं, तेच कैरोच्या या हकीमाने केलं.

अशा माणसांची नावं नुसती अभिमानाने घेऊन भागत नाही. त्यांची किताब आपल्या हातात होती, पण मोठा शोध असलेली शरह कपाटात पडून राहिली. आपल्या मुला-मुलींनी विज्ञान शिकावं, मोठ्यांचा मान ठेवून प्रश्न विचारावेत, आणि आपण त्यांना गप्प बसवू नये, एवढं तरी आपण करू शकतो. अल्लाह इब्न अन-नफीस यांच्यावर रहम करो आणि आपल्या घरांना आफियत देवो. आमीन.